ओट्यावर की ओट्यात?

स्वयंपाकघर नवं करायला काढलं की टाइल्स, ट्रॉल्या, नळ यांवर घरात कसंबसं एकमत होतं. अडतं ते शेगडीपाशी. आमच्या आईच्या चिंचवडच्या घरी तसंच अडलं. इमारतीत पाइपचा गॅस नुकताच आलेला, ओटा बदलायचा ठरलेला आणि सल्ला द्यायला घरचीच दोन माणसं. ताई मॉड्युलर किचनची कामं करते. तिचा दिवस लॅमिनेटचे नमुने दाखवण्यात आणि सुतारांना फोन करण्यात जातो. मामाने उभा जन्म गॅसच्या शेगड्या दुरुस्त करण्यात घालवला. आता काम थांबवलंय, पण पिशवीत पाना, जेट साफ करायची पिन आणि ग्रीसची डबी अजून असते. एकीने शेगडी बघितलेली ती नवी असताना, दुसऱ्याने ती बिघडल्यावर. मतं जुळायचं काही कारणच नव्हतं.

ताई : मामा, ओटा नवा होतोयच तर हॉब बसवू. ग्रॅनाइटला कटआउट मारायचा, शेगडी आत जाते. वर फक्त काच आणि बर्नर. एक हात फिरवला की ओटा स्वच्छ.

मामा : वरून स्वच्छ. उतू गेलेलं दूध आत गेलं ते कोण पुसणार?

ताई : आता सील असतात. आत काही जात नाही.

मामा : जात नाही असं दुकानदार म्हणतो. मी उघडून बघितलेत ना. बर्नरभोवतीचं ते सील उष्णतेने कडक होतं, मग फट पडते. खालच्या पत्र्यावर साखर, वरण, तेल, सगळ्याचा थर. शेगडी असली की उचलली, ओटा पुसला, परत ठेवली. हॉब काढायचा म्हणजे आधी कडेचं सिलिकॉन कापा, मग ट्रॉली काढून आत डोकं घाला, क्लिपा सोडवा, गॅसचा पाइप सोडवा. अक्का करणार आहे हे?

ताई : दर आठवड्याला कोण काढतंय? वर्षातून एकदा सर्व्हिसवाला येतो.

मामा : येतो. आणि दहा वर्षांनी सांगतो, ‘काका, हे मॉडेल बंद झालं.’ मग नवा हॉब आणायचा. त्याचा कटआउट वेगळ्या मापाचा. ग्रॅनाइटचं भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही.

हा मुद्दा ताईला लागला, कारण तो खरा आहे. हॉबच्या काचेची बाहेरची मापं सारखी दिसली तरी खालच्या खोक्याचं माप कंपनीगणिक बदलतं. कटआउटची कागदी पट्टी खोक्यात मिळते ती त्यासाठीच. हॉब घरात येण्याआधी ओटा कापून घेणारे लोक असतात, आणि ग्रॅनाइटवाले त्यांना हसतात. पण ताईही या धंद्यात आहे. तिने टेप काढली.

ताई : बरं, हे बघ. ओटा जमिनीपासून 34 इंच. आईची आत्ताची शेगडी स्टँडसकट साडेपाच इंच. म्हणजे भांड्याचा तळ साडेएकोणचाळीसवर. त्यावर सहा इंचांचं पातेलं. आई किती उंच?

मामा : असेल पाच फुटाला एक इंच कमी.

ताई : म्हणजे कोपर साधारण 37 इंचांवर. पातेल्याचं तोंड तिच्या खांद्याकडे चाललंय. पिठलं घोटताना तिचा उजवा खांदा वर उचललेला असतो, कधी बघितलास? हॉब बसवला की स्टँड ओट्याच्या वर दोनच इंच. साडेतीन इंच खाली आलं सगळं. तू शेगड्या उघडून बघितल्यास मामा, पण त्यांच्यासमोर उभं राहून दोन वेळचा स्वयंपाक केला नाहीस.

मामा गप्प झाला. (दोघांनीही तोवर आईला काही विचारलं नव्हतं. ती कोथिंबीर निवडत बसली होती आणि तिला मजा वाटत होती.)

मामा : उंचीचं तुझं बरोबर. पण त्याला हॉबच कशाला लागतो? शेगडीपुरता ओटा खाली घे. तीन फूट लांबीचा तुकडा चार इंच खाली, त्यावर शेगडी. आमच्याकडे पूर्वी गवंडी करून द्यायचे.

ताई : मग त्या पायरीच्या कोपऱ्यात पाणी साठतं, पिठाचं रबरबाट होतं, आणि खालच्या ट्रॉलीची उंची जाते. त्यापेक्षा हॉबटॉप घेऊ. पाय लावले की ओट्यावर, पाय काढले की कटआउटमध्ये. तुझी भोकाची भीती निम्मी होते.

मामा : हे चालेल. पण मग खाली ट्रॉली कसली देणार आहेस?

ताई : कटलरीची. बंद. सॉफ्ट क्लोज.

मामा : बंद नको. आपल्याकडच्या बऱ्याच हॉबांचा पितळी बर्नर हवा खालून ओढतो. जेटमधून गॅस सुटतो, तो सोबत हवा खेचत नळीत शिरतो, मग वर येऊन पेटतो. खालचं कपाट गच्च बंद केलंस की हवा अपुरी. ज्योत पिवळी, भांड्यांचे बूड काळे. लोक मला बोलवायचे, ‘गॅसमध्ये भेसळ आहे’ म्हणून. मी ट्रॉली उघडायचो आणि ज्योत निळी व्हायची. फी घ्यायला लाज वाटायची.

ताई : वरून हवा घेणारे बर्नर पण मिळतात.

मामा : मिळतात, मग तसा घे. नाहीतर कपाटाला जाळी दे. आणि जाळी कुठे द्यायची तेही बघ. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. पाइपचा हलका, तो वर जातो. सिलिंडरसाठी खाली जाळी लागते, पाइपच्या गॅसला वर वाट लागते. तुमचे डिझायनर एकच जाळी सगळीकडे ठोकतात, तीही दिसायला बरी दिसेल तिथे.

यानंतर काचेवरून थोडी चकमक झाली. ताईला काळी काच हवी होती. मामाचं म्हणणं, टफन्ड काच मजबूत असते हे खरं, पण तिचं बळ तिच्यात कोंडून ठेवलेल्या ताणात असतं. कडेला एक टवका उडाला, वर मोठं पातेलं ठेवून त्याची धग तासभर काचेवर परतली, की ती एकाच वेळी हजार तुकडे होऊन बसते. तुकडे बोथट असतात, जीव जात नाही, पण भाजी जाते. स्टीलला ओरखडे पडतात, पिवळट झाक येते, पण ते फुटत नाही. ताई म्हणाली, स्टीलचा हॉब दाखवला की गिऱ्हाईक म्हणतं ‘जुना वाटतो’. मामा म्हणाला, गिऱ्हाईक आई आहे. विषय संपला.

किती बर्नर, हा प्रश्न दुकानात सगळ्यात आधी विचारला जातो आणि माझ्या मते तो सगळ्यात बिनमहत्त्वाचा आहे. साठ सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर चार बर्नर बसवता येतात, पण बारा इंची कढई आणि बारा इंची तवा शेजारी ठेवले की ते साठ सेंटिमीटर संपतात. मागच्या दोन बर्नरांवर मग दुधाचं भांडं आणि झाकणं ठेवायची. आईने इथे पहिल्यांदा तोंड उघडलं : ‘मधला बर्नर मी कधी पेटवला आठवत नाही. त्यावर साणशी असते.’

ताई : मामा, एक गोष्ट मात्र मी सोडणार नाही. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह. वरण उतू जातं, बर्नर विझतो, आई बाहेर टीव्ही बघत असते.

मामा : त्यावर भांडण नाही. जास्त पैसे मोजून घेण्यासारखी हीच एक गोष्ट आहे. आत काय असतं माहितीये? ज्योतीत तोंड घालून बसलेली एक बारीक कांडी. दोन वेगळे धातू जोडलेले. तापली की काही मिलिव्होल्ट वीज तयार होते, आणि तेवढ्याशा विजेवर एक चुंबक व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. ज्योत गेली, कांडी गार, चुंबक सुटला, गॅस बंद. बॅटरी लागत नाही, वायरिंग लागत नाही.

ताई : आणि लोक तक्रार करतात, ‘नॉब सोडला की गॅस विझतो.’

मामा : कारण दाबून तीन-चार सेकंद धरत नाहीत. कांडी तापायला वेळ द्यायला नको? नाहीतर कांडीवर वरण करपलेलं असतं. ओल्या फडक्याने पुसलं की चालू. त्यासाठी नवा नॉब विकणारे महाभाग मी पाहिलेत.

ताई : पाइपच्या गॅससाठी जेट बदलावे लागतील ना? तुझ्याकडून करून घेईन.

मामा : कंपनीच्या माणसाकडून करून घे, वॉरंटी राहील. पण तो काय करतो ते शेजारी उभं राहून बघ. सिलिंडरचा गॅस शेगडीला साधारण 30 मिलिबार दाबाने येतो, पाइपचा 21 ने. शिवाय पाइपच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात निम्म्याहून कमी उष्णता. म्हणून जेटचं भोक मोठं लागतं. जुने जेट तसेच ठेवले तर ज्योत मरतुकडी. उलट झालं, मोठे जेट आणि सिलिंडर, तर ज्योत फुटाएवढी आणि पातेली काळी. आणि जेट बदलून भागत नाही. नॉबच्या पोटात बारीक ज्योतीचा एक स्क्रू असतो, तोही जुळवावा लागतो. तो कोणी जुळवत नाही. मग ‘सिमवर ठेवला की विझतो’.

इथवर भांडण गॅसच्या आतलं होतं. मला वाटलं, ताई आता इंडक्शन काढेल, मामा उसळेल. झालं उलटंच.

मामा : खरं सांगू? माझं ऐकशील तर गॅसचे दोनच बर्नर ठेव. बाकी जागेत इंडक्शन दे.

ताई : तू? तू म्हणतोयस हे?

मामा : मीच. निळी ज्योत म्हणजे स्वच्छ, असं आपण धरून चालतो. निळ्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतोच. चिमणी आपण फोडणीला लावतो. चहाला, कुकरला कोण लावतं? शिवाय मे महिन्यात ओट्यापाशी उभी राहून बघ. शेगडीची कार्यक्षमता मानकाप्रमाणे किमान 68 टक्के लागते, पण ती चाचणी ठरलेल्या मोठ्या भांड्यावर. घरात छोट्या पातेल्याच्या कडेने ज्वाळा वर येतात. उरलेली उष्णता जाते कुठे? अक्काच्या अंगावर. इंडक्शनमध्ये 85 टक्क्यांच्या आसपास भांड्यात जाते, कारण तापतो तो भांड्याचा तळच. खाली तांब्याचं वेटोळं, त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह. त्याने भांड्याच्या लोखंडात वीज फिरते आणि लोखंड तापतं. काच तापते ती भांड्याने.

ताई : थिअरी मला पाठ आहे. भांड्यांचं काय?

आणि ताईने फ्रिजवरचा शोभेचा लोहचुंबक उचलला. मला वाटतं, कुठलाही हॉब घेण्याआधी प्रत्येकाने एवढं करावं. तिने मांडणीवरची भांडी एकेक उलटी केली. कुकर हिंडालियमचा, चुंबक घसरून पडला. मोदकपात्र ॲल्युमिनियमचं, पडला. आजीचं कल्हईचं पितळी पातेलं, पडला. नॉनस्टिक तवा, पडला. स्टीलच्या पातेल्यांत गंमत झाली : एकाला चिकटला, दुसऱ्याला अगदी नावापुरता, तिसऱ्याला नाहीच, आणि तिन्ही एकाच दुकानातली, दिसायला जुळी. बिडाच्या तव्याला असा बसला की ओढून काढावा लागला. लोखंडी कढईलाही बसला, पण कढईचं बूड गोल.

ताई : बघ. निम्मा संसार बाद. आणि तव्याला चिकटला म्हणून खूश होऊ नकोस. एका शेगडीचं वेटोळं असतं सात-आठ इंचांचं. आईची भाकरी नऊ-दहा इंचांची. मध्ये करपणार, कडा कच्च्या राहणार. आणि दुसरी बाजू फुगवायला जाळ लागतो, तो तू कुठून आणणार? वांगं भाजणं सोड, ते महिन्यातून दोनदा. भाकरी रोज.

मामा : म्हणून तर दोन बर्नर ठेव म्हणालो. भाकरी, फोडणी, वांगं गॅसवर. दूध, चहा, कुकर, अंघोळीचं पाणी संपलं तर तेही, इंडक्शनवर. एक इंडक्शन बुडाचा कुकर आणि दोन पातेली घ्यायची. पूर्ण संसार कशाला बदलायचा?

ताई : दूध म्हणालास, तेच खटकतं. स्वस्तातलं इंडक्शन मंद होतच नाही. 400 वॉट लिहितं आणि प्रत्यक्षात हजार-बाराशेवर चालू-बंद, चालू-बंद करतं. बासुंदी आटवायला ठेवली की चालूच्या वेळी उकळी, बंदच्या वेळी शांत, तळाला मात्र लागलेली. ज्योत बारीक केली की बारीक राहते. गॅसचा हा गुण मला सोडवत नाही.

मामा : हे खरंय. चांगलं घेतलं तर कमी होतं, पण चांगलं महाग.

ताई : आणि बिल? आई महिन्याला विचारेल.

मामा : त्याचा हिशेब माझ्याकडे आहे. पेन घे. साडेचौदा किलो म्हणतो आपण, पण सिलिंडरमध्ये गॅस 14.2 किलो. किलोमागे उष्णता साधारण पावणेतेरा युनिट. झाले 180 युनिट. त्यातले घरच्या शेगडीवर भांड्यात जातात शंभर ते एकशेवीस. तेवढंच काम इंडक्शनवर करायला भिंतीतून लागतील 120 ते 145. मध्य धर, 130. सिलिंडरच्या किमतीला 130 ने भाग. समजा 900 रुपये, तर उत्तर सातच्या जरा खाली. तुझी वीज युनिटला त्याहून स्वस्त असेल तर इंडक्शन परवडलं, महाग असेल तर गॅस.

ताई : आणि दर कुठला धरायचा? महावितरणच्या बिलात टप्पे असतात. शंभर युनिटपर्यंत एक, पुढे तीनशेपर्यंत दुसरा, तो बराच चढा.

मामा : इथेच लोक फसतात. सरासरी दर धरायचा नाही. इंडक्शनचे युनिट आधीच्या वापराच्या वर पडतात, म्हणून शेवटच्या टप्प्याचा दर धरायचा. अक्काचं बिल किती येतं?

आई : उन्हाळ्यात दीडशेच्या पुढे, बाकी ऐंशी-नव्वद.

मामा : मग हिवाळ्यात थोडं परवडेल, उन्हाळ्यात नाही. आणि पाइपच्या गॅसशी तुलना करायची तर 130 युनिटांसमोर 18 घनमीटरांची किंमत धर, जवळपास तेवढ्याच उष्णतेला तेवढा लागतो. एकूण काय, पैसे वाचतील म्हणून इंडक्शन घेऊ नका. उकाडा वाचेल म्हणून घ्या.

ताई : आणि वीज गेली तर?

मामा : गॅस आहे. पाइपलाइनचं काम निघालं तर इंडक्शन आहे. देशाला लागणाऱ्या एलपीजीतला निम्म्याहून जास्त बाहेरून येतो. दोन वाटा असलेल्या बऱ्या.

ताई : चार झोनचा बिल्ट-इन इंडक्शन हॉब मागणारी गिऱ्हाइकं येतात माझ्याकडे. मी आधी त्यांचं वीजबिल मागते आणि मंजूर भार बघते. सगळे झोन पेटवले तर सात किलोवॉट, म्हणजे तीस अँपिअर. जुन्या फ्लॅटचं मीटर ते झेपवत नाही. मग भार वाढवा, मुख्य वायर बदला. हॉबपेक्षा तो खर्च डोळ्यांत येतो.

मामा : इथे एकच शेगडी आहे. दोन हजार वॉट, नऊ अँपिअरच्या आत. पण मिक्सरच्या पॉइंटवर लावू नका. सहा अँपिअरचा सॉकेट वितळलेला बघितलाय मी. सोळाचा पॉइंट, चारची वायर, स्वतंत्र एमसीबी, अर्थिंग तपासून.

ताई : आणि झुरळं.

मामा : हां, झुरळं! खालून पंखा हवा ओढतो, आत ऊब असते. त्यांना तेवढंच हवं. मेलेले बोर्ड उघडले की आत पिल्लावळ. पाल शिरून शॉर्ट झालेलंही बघितलंय. म्हणून इंडक्शन ओट्यात गाडू नका. सुटं ठेवा, रात्री उचलून फळीवर. सुटं असलं म्हणजे बिघडलं तर पिशवीत घालून दुरुस्तीलाही नेता येतं.

ताई हसली, कारण सुट्या शेगडीचा आग्रह मामाने शेवटी इंडक्शनच्या वाटेने आत आणलाच होता. तिने कागदावर आकृती काढली : दोन बर्नरांचा स्टीलचा हॉबटॉप, कटआउटमध्ये, उजवीकडे दीड फूट मोकळा ओटा, इंडक्शनसाठी. मामाने त्यात चिमणी बर्नरपासून 26 इंचांवर आहे का ते मोजून घेतलं आणि ट्रॉलीवर जाळीची रेघ स्वतः ओढली. आईने कागद हातात घेतला, उलटा धरला, सरळ केला.

आई : इंडक्शन डावीकडे घ्या. उजवीकडे मी पोळपाट ठेवते.

ताई : डावीकडे सिंक आहे आई. पाणी उडेल.

मामा : सिंकपासून दोन फूट सुटतात का बघ.

टेप पुन्हा निघाली. एकवीस इंच भरले.

मामा : मग उजवीकडेच. पोळपाट डावीकडे ठेव अक्का.

आई : चाळीस वर्षं उजवीकडे लाटतेय.

ताई : असं करू. दोन्हीकडे सोळाचे पॉइंट काढते. वायर आत्ताच टाकून घेऊ, टाइल्स लागल्यावर भिंत फोडायला लागायची.